हौसेचा डाव



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आमच्याकडे आली तेव्हा त्यांनी विचारले, "विषय कोणता छापू?" आमचा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. तेव्हा 'व्यवहारातील गणित' असे काहीतरी उत्तर येणार, ही त्यांची खात्री होती. आम्ही म्हणालो, "पत्ते." मंडळी थोडा वेळ गप्प बसली. मग त्यांतल्या एकाने, आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून असेल, हळूच विचारले, "म्हणजे पत्त्यांचे दुष्परिणाम ना?"

तर श्रोतेहो, दुष्परिणामांचीही हकीकत येईल; आणि ती दुसऱ्या कोणाची नसून आमचीच असेल. पण आजचा विषय दुष्परिणाम हा नाही. पत्त्यांच्या एका नव्या खेळात माणूस आपला डाव स्वतः जुळवतो, त्या जुळणीविषयी आम्हांला बोलायचे आहे.

आपल्याकडे पत्ते कोणाला माहीत नाहीत? सुटीत आजोळी जमलेली मुले बदाम सात खेळतात, झब्बू देतात, मेंढीकोट लावतात. लग्नघरी रात्री जागवायची ती तीनशे चारवर. पण या सगळ्या खेळांत एक गोष्ट समान आहे. कॅट एकच असतो. पत्ते पिसले, कापले, वाटले. आपल्या वाट्याला काय आले ते नशीब, आणि आलेल्या पत्त्यांचे काय केले ती अक्कल. हुकमाची राणी आपल्याला आवडते म्हणून कॅटमध्ये चार हुकमाच्या राण्या घालाव्यात, असे कोणी म्हटले तर त्याला पंगतीतून उठवतील.

ज्या खेळाविषयी आम्ही बोलणार आहोत त्यात नेमके हेच करायचे असते. प्रत्येक खेळाडू आपले पत्ते घरून आणतो. कोणते आणावेत आणि किती आणावेत, हे त्याने आधी बसून ठरवलेले असते. या खेळाचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. तो अमेरिकेत १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा आमच्याच जातीचा, म्हणजे गणिताचा माणूस. चयन आणि मांडणी यांचे जे गणित असते त्यात त्याने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. एक दुसराच खेळ घेऊन तो पीटर अॅडकिसन नावाच्या प्रकाशकाकडे गेला होता. अॅडकिसनला तो खेळ छापण्याचा खर्च झेपेना. तो म्हणाला, थोड्या खर्चात निघेल, चटकन खेळून होईल, असे काही द्या. त्यातून हा पत्त्यांचा खेळ जन्मला. पहिल्या छपाईत २९५ निरनिराळे पत्ते होते. आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

खेळाचे मर्म थोडक्यात सांगतो. दोघे समोरासमोर बसतात. प्रत्येकाजवळ किमान साठ पत्त्यांची गड्डी असते. मुले तिला 'डेक' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. प्रत्येकाचे वीस गुण असतात. ज्याचे आधी शून्यावर येतील तो हरला. पत्ते मुख्यतः दोन तऱ्हांचे. काही पत्ते भूमीचे: माळ, बेट, दलदल, डोंगर आणि अरण्य. आपल्या पाळीला एक भूमी मांडता येते आणि तिच्यातून बळ मिळते. बाकीचे पत्ते म्हणजे त्या बळावर बोलवायचे प्राणी, योद्धे, मंत्र आणि यंत्रे. एखादा पत्ता एका भूमीच्या बळावर येतो, एखाद्याला सहा लागतात. पाच भूमींचे पाच रंग, आणि प्रत्येक रंगाला आपला स्वभाव. डोंगराचा लाल रंग तापट आणि उतावळा. बेटाचा निळा रंग धूर्त, समोरच्याचा बेत हाणून पाडणारा. आमची गंजिफा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हे चटकन समजेल.

गंजिफेचे नाव आम्ही उगीच घेतले नाही. आम्ही वेंगुर्ल्याचे, सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवताना लहानपणापासून पाहिल्या आहेत. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पत्ते. आपल्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात विष्णूचे अवतार बसवले. अवतार दहा, म्हणून रंग दहा झाले. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, एकूण १२०. इथे पाहण्यासारखी गोष्ट ही, की विषय आधी ठरला आणि त्याच्या ओढीने पत्त्यांची संख्यासुद्धा बदलली. ज्याने हे प्रथम केले त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्याने काय केले ते आम्हांला आता, सत्तरी उलटल्यावर, या परदेशी खेळामुळे कळले. त्याने आपल्या आवडीचा विषय घेऊन डेक जुळवला.

'मॅजिक' खेळणाऱ्यांत अशा जुळणीला फार मान आहे. स्पर्धेत जिंकण्यासाठी जुळवलेला डेक एक, आणि मित्रांबरोबर खेळण्यासाठी एखादी कल्पना धरून जुळवलेला डेक दुसरा. या दुसऱ्याला आम्ही मराठीत 'हौशी डेक' म्हणतो. हौशी हा शब्द आपल्याकडे रंगभूमीने प्रतिष्ठित केला आहे. हौशी नट म्हणजे कच्चा नट, असे या सभागृहात तरी कोणी म्हणणार नाही. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी तोंडाला रंग लावला असेल. हौशी म्हणजे ज्याला त्या कामाची गोडी आहे तो.

या खेळाचे एक जुने रचनाकार मार्क रोझवॉटर यांनी २००२ मध्ये खेळाडूंच्या तीन वृत्ती वर्णिल्या आणि त्यांना माणसांसारखी नावे दिली. टिमीला काहीतरी प्रचंड घडलेले पाहायचे असते. जॉनीला आपली युक्ती दाखवायची असते. स्पाइकला जिंकून आपले कसब सिद्ध करायचे असते. पुढे त्यांत व्होर्थॉस नावाची आणखी एक वृत्ती जोडली गेली. पत्त्यावरचे चित्र, त्यामागची गोष्ट, त्यातले जग यांत रमणारा तो व्होर्थॉस. आपल्या भाषेत सांगायचे तर एकाला भव्यता हवी, दुसऱ्याला चातुर्य, तिसऱ्याला यश आणि चौथ्याला रस. आपण सगळेच या चौघांचे थोडेथोडे मिश्रण असतो. मात्र आज आपल्यातला कोण खेळायला बसला आहे, हे ओळखावे लागते. आमची चूक झाली ती इथे.

आता ती हकीकत. आमची नात पुण्याला शिकते. एका उन्हाळ्यात ती येताना एक डबा घेऊन आली. "आजोबा, तुम्हांला आवडेल, यात गणित आहे," असे म्हणून तिने हा खेळ आम्हांला शिकवला. हळूहळू ओसरीवर रविवारची बैठक जमली. नात, कॉलेजातली दोन मुले, आम्ही, आणि शेजारचा आठवीतला एक मुलगा. या मुलाने खाऊच्या पैशांतून एकेक पाकीट विकत घेऊन गॉब्लिनांचा डेक जमवला होता. गॉब्लिन म्हणजे डोंगरात राहणारी छोटी, खोडकर, उतावळी भुते. आपल्या कोकणात शोभतील अशी. त्यांचा एक राजा असतो, 'गॉब्लिन किंग'. तो आला की बाकीच्या सगळ्या गॉब्लिनांचे बळ एकेकाने वाढते. हा पत्ता त्याला मिळाला त्या दिवशी तो धावत आमच्याकडे दाखवायला आला होता.

आम्ही मात्र गणिताचे माणूस. कोणता डेक सर्वांत जास्त वेळा जिंकतो, असा प्रश्न आमच्या डोक्यात शिरला आणि राहवेना. एका स्पर्धेत विजयी झालेल्या निळ्या डेकची यादी आम्ही मिळवली आणि त्यातले पत्ते पैसे मोजून आणवले. त्या डेकचे सगळे सामर्थ्य 'काउंटरस्पेल' आणि त्याच्या भाऊबंदांत होते. समोरच्याने पत्ता टाकला की आपण म्हणायचे, "नाही." त्याचा पत्ता निष्फळ. पुन्हा टाकला, पुन्हा "नाही." तीन रविवार आम्ही एकही डाव हरलो नाही. तो मुलगा आपला राजा हातात घेऊन वाट पाही, टाकी, आणि आम्ही "नाही" म्हणून तो उचलायला लावू. चौथ्या रविवारी तो आला नाही. विचारले तर म्हणाला, "क्लास आहे." पाचव्या रविवारीही क्लास होता. त्या दिवशी नातीने पत्ते आवरता आवरता म्हटले, "आजोबा, तुम्ही जिंकलात खरे, पण तो तीन रविवारांत एकदाही खेळलाच नाही."

श्रोतेहो, मास्तराला आपली चूक फळ्यावर लिहून दाखवलेली सहन होत नाही. पण हे वाक्य खोडता येईना. डाव आमचा होता असेही म्हणता येईना, कारण त्यातला एकही पत्ता आमच्या पसंतीने आलेला नव्हता. दुसऱ्याची यादी, दुसऱ्याची युक्ती. आमचे होते ते फक्त पैसे. आणि त्या पैशांनी आम्ही एका आठवीतल्या मुलाच्या तोंडावर तीन आठवडे दार लावले होते.

पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. हा खेळ व्यापाऱ्याचा आहे, हे विसरून चालणार नाही. पत्ते बंद पाकिटातून विकतात. सुरुवातीला एका पाकिटात पंधरा असत. आत काय निघेल ते सांगता येत नाही, आणि काही पत्ते मुद्दाम विरळ ठेवलेले असतात. पहिल्या छपाईतला 'ब्लॅक लोटस' नावाचा एक पत्ता, त्याच्या वेष्टनावर चित्रकाराच्या स्वाक्षरीसह, २०२१ मध्ये पाच लाखांहून अधिक डॉलरना विकला गेला. एवढेच नव्हे, तर आरंभीच्या नियमांत प्रत्येक डावाला दोघांचा एकेक पत्ता पणाला लावायची तरतूद होती. जिंकणाऱ्याने तो घेऊन जायचा. पुढे ती चाल सुटली, हे बरे झाले. पण लावण्याची चटक कशी असते हे महाभारत वाचलेल्या माणसाला सांगायला नको. ज्याच्याजवळ पैसा अधिक त्याचा डेक भारी, हा या खेळाचा जन्मजात दोष आहे. त्यावर उतारा एकच आम्हांला दिसला, तो हौशी डेकचा. विषय धरून जुळवायचे म्हटले की सर्वांत महाग पत्ता सर्वांत योग्य राहत नाही. गॉब्लिनांच्या टोळीला सोन्याचा रथ शोभत नाही. तिला आणखी एक गॉब्लिनच हवा असतो, आणि तो चार आण्यांच्या भावाने मिळतो.

म्हणून आम्ही तो विकतचा डेक डब्यात बंद केला आणि नव्याने जुळवायला बसलो. विषय शोधावा लागला नाही. वेंगुर्ल्याच्या माणसाला समुद्रावाचून दुसरे काय सुचणार? ही जुळणी करताना आम्हांला तीन कसोट्या सापडल्या. आजच्या व्याख्यानाचे सार त्या तीन कसोट्यांत आहे.

पहिली कसोटी अशी: हा पत्ता या विषयाचा आहे काय? आम्ही समुद्राचे पत्ते गोळा करू लागलो. 'मर्फोक' म्हणजे मत्स्यमानव, पहिल्या छपाईपासून असलेले. त्यांचा राजा 'लॉर्ड ऑफ अटलांटिस'. त्याच छपाईतला प्रचंड समुद्रसर्प, 'सी सर्पंट'. 'पायरेट शिप', चाच्यांचे जहाज. १९९३ च्याच डिसेंबरात 'अरेबियन नाइट्स' या नावाने, अरबी कथांवरून रचलेला पत्त्यांचा एक संच निघाला. त्यात सिंदबाद भेटला, आणि 'आयलंड फिश जॅस्कोनियस' नावाचा बेटाएवढा मासाही भेटला. सिंदबाद पहिल्याच सफरीत ज्या बेटावर उतरतो ते बेट मासा निघते, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दोघे एकाच डेकमध्ये आले तेव्हा आम्हांला जो आनंद झाला तो तीन रविवार जिंकून झाला नव्हता. १९९४ चा 'लेव्हायथन' मिळाला. दहा बळाचा महामत्स्य! त्याला बोलवायला नऊ भूमी लागतात. आल्यावर तो निजूनच राहतो. त्याला जागे करायला दोन बेटांचा बळी द्यावा लागतो आणि हल्ला करायचा तर आणखी दोन बेटांचा. दारात हत्ती बांधण्याचा हा प्रकार. तरी आम्ही मोहाने तो घेतला.

दुसरी कसोटी: जुळवलेले चालते काय? पहिल्या कसोटीच्या नादात आम्ही इतके जलचर भरले की साठ पत्त्यांत भूमींना सतराच जागा उरल्या. नातीबरोबर खेळायला बसलो. हातात सात पत्ते. सातही मासे, बेट एकही नाही. दुसरा डाव, एकच बेट. नात हसू लागली. तेव्हा कागद घेतला. साठांत सतरा भूमी असतील तर पहिल्या सात पत्त्यांत एक किंवा शून्य भूमी येण्याचा संभव शेकडा ३५, म्हणजे तीन डावांतून एकदा आपण खेळ सुरू होण्यापूर्वीच अडलो. चोवीस भूमी ठेवल्या तर तोच संभव शेकडा १४, सात डावांतून एकदा. हे गणित आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर तांबड्या-पांढऱ्या चेंडूंनी सोडवून दाखवले होते. स्वतःच्या ओसरीवर ते आम्हांला आठवले नाही! समुद्र म्हणजे नुसते मासे नव्हेत, आधी पाणी. हे मालवणी माणसाला गणिताने शिकवावे लागले.

दुसरे गणित प्रतींचे. आरंभी एकाच पत्त्याच्या कितीही प्रती घालता येत, आणि लोकांनी तसे डेक करून खेळ बिघडवला. तेव्हा १९९४ मध्ये स्पर्धांसाठी एका पत्त्याच्या जास्तीत जास्त चार प्रती, अशी मर्यादा आली. साध्या भूमींना ती लागू नाही. चार प्रती घातल्या तर पहिल्या सात पत्त्यांत त्यांतली निदान एक दिसण्याचा संभव शेकडा ४०. एकच प्रत घातली तर शेकडा १२ हूनही कमी. म्हणून ज्याच्यावर सगळा संसार उभा आहे ते पत्ते चार-चार घ्यावेत, आणि ज्यांचे दर्शन क्वचित व्हावे पण झाले की मंडळींनी "वा!" म्हणावे, ते एकेकच ठेवावेत. आमचे राजे चार झाले. लेव्हायथन एक राहिला.

मग खरी गंमत उमगली. समुद्रसर्पाला आणि चाच्यांच्या जहाजाला एक अट आहे: समोरच्याकडे बेट असेल तरच ते हल्ला करू शकतात. बरोबरच आहे, जहाज डोंगरावर कसे चढणार? अटलांटिसचा राजा आला की मत्स्यमानवांचे बळ वाढते, आणि समोरच्याकडे बेट असेल तर त्यांना कोणी अडवूही शकत नाही. पण समोरच्याकडे डोंगरच असले तर? त्यासाठी 'स्प्रेडिंग सीज' नावाचा २००९ सालचा एक पत्ता आहे. तो समोरच्याच्या भूमीवर ठेवला की तिचे बेट होते. समुद्र पसरतो, डोंगर बुडतो, आणि आपले जहाज त्याच्या दारी जाऊन लागते. पाहा, विषय आणि युक्ती इथे एक झाली. ज्या कारणाने तो पत्ता समुद्राचा, त्याच कारणाने तो उपयोगाचा. जुळणी साधली की नाही हे आम्ही यावरून ओळखतो. पुष्कळदा विषयाच्या प्रेमाने माणूस कामचुकार पत्ते भरतो, किंवा कामाच्या लोभाने विषय सोडतो. दोन्ही टाळून एखादी जागा अशी सापडते की जिथे दोहोंचा मेळ बसतो. ती सापडेपर्यंत पत्ते काढावे, घालावे, पुन्हा काढावे. कीर्तनकार आख्यानातले दाखले असेच घालतो आणि काढतो.

तिसरी कसोटी आम्हांला सर्वांत उशिरा कळली आणि तीच सर्वांत महत्त्वाची: हा पत्ता समोरच्याला खेळू देतो काय? काउंटरस्पेल निळा आहे, निळ्या डेकमध्ये तो कोणीही घालील. चार प्रती आमच्याजवळ होत्याच. आम्ही त्या काढून ठेवल्या आणि त्यांच्या जागी 'अनसमन' घातला. हा पत्ता समोरच्याच्या प्राण्याला त्याच्या हातात परत पाठवतो. लाट येते, किनाऱ्यावरचे ओढून नेते, पण पुढच्या पाळीला त्याला तो प्राणी पुन्हा मांडता येतो. "नाही" म्हणणे निराळे आणि "जरा थांब" म्हणणे निराळे. काउंटरस्पेल हा वाईट पत्ता आहे असे आमचे म्हणणे नाही. तुल्यबळांच्या स्पर्धेत त्याची शोभा आहे. पण ओसरीवरच्या बैठकीत पहिला विचार हा की पाचही जण पुढच्या रविवारी यावेत.

ही गोष्ट इतरांनाही उमगलेली आहे. या खेळाचा आज फार लोकप्रिय झालेला एक प्रकार 'कमांडर' या नावाने ओळखला जातो. तो कंपनीने काढलेला नव्हे. खेळणाऱ्यांनी आणि स्पर्धांच्या पंचांनी तो आपल्या हौसेपुरता रचला, आणि कंपनीने त्यासाठी खास डेक २०११ मध्ये काढले. त्यात शंभर पत्ते. साध्या भूमी सोडल्या तर प्रत्येक पत्ता एकदाच. एक नायक निवडायचा आणि त्याच्या रंगांबाहेरचा पत्ता घ्यायचा नाही. बहुधा चौघे एका टेबलाशी बसतात. आणि सुरू करण्यापूर्वी, माझा डेक किती जोरकस आहे, त्यात काय आहे, काय चालेल, काय नको, हे एकमेकांशी बोलून घेण्याची रीत आहे. आपल्याकडे गाण्याच्या मैफलीत साथीदार आधी सूर लावून घेतात, तसेच हे.

इथे एक शंका कोणी घेईल. समोरच्याला खेळू द्यायचे म्हणजे मुद्दाम हरायचे काय? मुळीच नाही. लहान मुलाला दया म्हणून जिंकू दिले तर ते त्याला लगेच कळते आणि त्याच्या मनाला लागते. आम्ही शाळेत हे पुष्कळ पाहिले आहे. डेक जुळवताना मर्यादा घालून घ्यावी आणि एकदा डावाला बसले की मन लावून जिंकायला खेळावे. मर्यादा आधी, दया नंतर नको.

जाता जाता एक सांगतो. २०१६ मध्ये या खेळात 'कलादेश' नावाचे एक काल्पनिक जग आले. भारतावरून स्फुरलेले, साड्या, तोरणे, नक्षीदार यंत्रे. पण हे नाव आपल्या भाषांच्या कानाने ऐकले तर त्याचा अर्थ भलताच होऊ शकतो. पुढे त्या जगाच्या कथेतच क्रांती झाल्याचे दाखवून त्याचे नाव बदलले, आणि २०२५ च्या संचात ते जग 'आविष्कार' या नावाने आले. सिअॅटलजवळच्या रेंटन गावातल्या कंपनीच्या पत्त्यांवर आपल्या रोजच्या वापरातला शब्द! आमची नात आता त्या जगाचा डेक जुळवते आहे. आम्ही तिला विचारले, "त्यात गंजिफा आहे का?" ती म्हणाली, "गंजिफा तुम्ही जुळवा, आजोबा."

आता शेवट. समुद्राचा डेक तयार झाल्यावर आम्ही स्वतः शेजारी गेलो. म्हणालो, "अरे, जुना डेक आम्ही मोडला. नवा जमवला आहे, पण त्याला चाच्यांचे एक जहाज कमी पडते. तुझ्याकडे आहे असे ऐकतो. आमच्याकडे गॉब्लिन किंगची एक जादा प्रत आहे." तो थोडा वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमच्यात 'नाही' किती आहेत?" आम्ही म्हणालो, "एकही नाही." त्या रविवारी तो आला, जहाज घेऊन.

तो डाव तासभर चालला. त्याचे गॉब्लिन आले, त्यांचा राजा आला, आम्हांला खूप मार बसला. मग आमचा समुद्र पसरू लागला. एकामागून एक त्याचे तिन्ही डोंगर बुडाले. त्याच्याच जहाजाने त्याच्यावर तोफ डागली तेव्हा तो मोठ्याने हसला. आमचे तीन गुण उरले होते, त्याचे पाच. आमचा समुद्रसर्प पाच बळाचा. पुढच्या पाळीला डाव आमचा, हे उघड होते. त्याने पत्ता ओढला. डोंगर निघाला. तो त्याने मांडला, आणि हातात कितीतरी वेळ अडकून पडलेला 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. एका डोंगराच्या बळावर तीन गुणांचा घाव. आम्ही हरलो.

नात म्हणाली, "परशुरामाने बाण मारला, समुद्र हटला."

आम्ही कोकणातली माणसे. त्या बाणाने निघालेल्या जमिनीवरच राहतो, असे आमचे वाडवडील सांगत आले. पण समुद्राच्या बाजूने ही कथा आम्ही कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी ऐकली, आणि मनापासून आवडली. तो मुलगा आता दहावीला आहे आणि त्याला खरोखरच क्लास असतो. तरी रविवारी संध्याकाळी तासभर येतो.

 दुष्परिणाम सांगण्याचे आश्वासन आम्ही पाळले आहे, अशी आशा आहे.